दोन सेकंद मागे

२ मार्च, सोमवार

संगणक आडवा पडलाय, म्हणून हे वहीत. एरवी मी कशाला लिहीन? दिवसभर दुसऱ्याचं बोलणं टाइप करणाऱ्या बाईला संध्याकाळी स्वतःचं काही लिहायची हौस उरत नाही. अक्षर बघून माझी मलाच लाज वाटली. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, कोंबडीचे पाय बरे.

झालं असं. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातल्या मॅडमचा सकाळी फोन आला. "ताई, आजपासून जुन्या विंडोजवाल्या संगणकांना आमचा सर्व्हर आत घेणार नाही. वरून आदेश आहे." माझा संगणक जुना, त्याच्यावर नवी विंडोज चढत नाही. नवा संगणक घ्यावा, तर डॉक्टरांच्या फाईली उघडणारा प्रोग्राम आणि माझं पायाखालचं पेडल, दोन्ही एकाच कंपनीचे. ती कंपनी केव्हाच बंद पडली आणि नवी विंडोज तिच्या वस्तूंना ओळखही दाखवत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

डॉक्टर एक्स-रे, सीटी असले फोटो बघतात आणि काय दिसतं ते रेकॉर्डरमध्ये बोलतात. ती फाईल माझ्याकडे येते, मी ऐकून टाइप करते, रिपोर्ट परत जातो. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. पुन्हा दाबलं की दोन सेकंद मागे जाऊन सुरू होतो, म्हणजे मधेच तुटलेला शब्द पुन्हा ऐकू येतो. हात टायपिंगला मोकळे राहतात. पेडलाशिवाय हे काम म्हणजे पाय बांधून पळणं.

मॅडम म्हणाल्या, "तोवर डॉक्टर सरांच्या फाईली दुसरीकडे देऊ का?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की त्याच घाबरल्या. शेवटी पंधरवड्याची मुदत दिली.

५ मार्च, गुरुवार

लिनक्स घातलं. स्वतः घातलं. लिनक्स वापरणाऱ्या मराठी मंडळींचा एक चर्चागट आहे, तिथे फोनवरून प्रश्न विचारत विचारत केलं. तिथे सगळे टोपणनावाने असतात. मला उत्तरं देणारा 'गंजका खिळा' म्हणून कोणी आहे. बाई की बुवा कळत नाही, पण टोचतो नावासारखाच. माझा पहिला प्रश्न वाचून म्हणाला, "बाई, 'काहीच चालत नाही' ही तक्रार झाली. आता प्रश्न विचारा."

जुना प्रोग्राम लिनक्सवर चालवायला वाईन नावाची गोष्ट लागते. आयुष्यात पहिल्यांदा घरात वाईन आली. प्रोग्राम उघडला खरा, पण अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन, आणि आवाज नाही. चौकोनांवर क्लिक करत बसले. एक चौकोन दाबला तर सगळंच बंद पडलं, म्हणजे तो 'बंद करा' असणार.

८ मार्च, रविवार

बाळ्याचा फोन. माझा धाकटा भाऊ. त्याचे केस पिकले तरी माझ्यासाठी बाळ्याच. दर रविवारी तो उंटावरून शेळ्या हाकतो.

"ताई, फेकून दे तो डबा. किती दिवस करणार आहेस हे? इकडे ये ना राहायला, खोली रिकामीच आहे."

"इथे माझं काम आहे."

"कसलं काम? कोणाचे तरी फुफ्फुसांचे रिपोर्ट. कोणीही करेल."

कोणीही करेल! डॉक्टर 'नॉर्मल'च्या जागी 'नेमस्त' म्हणतात तेव्हा ते नेमकं काय म्हणतात, हे कोणालाही कळेल? त्यांचा आवाज खाली गेला म्हणजे शंका आहे, आणि घसा खाकरला म्हणजे वाईट बातमी आहे, हे कळायला वर्षं घालवावी लागतात. मी एवढंच म्हटलं की दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.

वाईनचा नाद खिळ्याने सोडायला लावला. कोणा भल्या माणसाने त्या बंद कंपनीच्या फाईली साध्या आवाजात बदलणारा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवलाय. तो चालला. आता अडलंय फक्त पेडल. संगणकाला ते दिसतं, यादीत नाव येतं, पण दाबलं तर ढिम्म.

९ मार्च, सोमवार

पेडल नाही.

१२ मार्च, गुरुवार

पेडल चाललं! चाललं, चाललं, चाललं.

भानगड अशी की पेडल वाचायची परवानगी माझ्या नावाला नव्हती. खिळ्याने दिलेली ओळ मी सोमवारीच घातली होती, मला त्या परवानगीच्या गटात सामील करणारी. तरी ढिम्म. मग रोज नवीन काहीतरी. नियमांची फाईल तीनदा लिहिली, पेडलची तार उलटीसुलटी केली. खिळ्यालाही हात टेकावे लागले. शेवटी आज त्याने विचारलं, "बाई, ओळ घातल्यावर तुम्ही एकदा बाहेर पडून पुन्हा आत आलात ना? लॉग आउट?"

मी कधीच बाहेर पडत नाही. काम झालं की झाकण मिटते, सकाळी उघडते. त्यामुळे संगणकाच्या लेखी मी अजून जुनीच बाई होते, गटात नसलेली. बाहेर पडले, आत आले, पाय ठेवला आणि आवाज सुरू झाला. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांना म्हटलं, "काकू, माझं पेडल चालू झालं." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता माझ्या परकराची शिलाई घालून देशील का?" त्यांना इतकी वर्षं वाटतंय की मी शिवणकाम करते. मी परकर घेऊन आले. आता हाताने टीप मारावी लागणार.

१३ मार्च, शुक्रवार

आज पहिली फाईल. कानावर हेडफोन ठेवले आणि पेडल दाबायच्या आधी उगाच केस सारखे केले. वेडी कुठली.

मग त्यांची खुर्ची कुरकुरली, गोळीचा कागद वाजला (कामाला बसताना ते पेपरमिंट तोंडात टाकतात) आणि म्हणाले, "हं. बाई, पहिला रिपोर्ट."

ते मला बाईच म्हणतात. नाव त्यांना ठाऊक नाही. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यांनी माझा आवाजही ऐकलेला नाही. फाईली यायच्या, रिपोर्ट जायचे. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा मी फाईली केल्या, कारण घरात दुसरा कोणाचा आवाज नव्हता. त्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली होती. मी इथून मनातल्या मनात म्हणायचे, वाफ घ्या हो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून वहीला सांगते.

लिनक्सवर आवाज जुन्यापेक्षा स्वच्छ येतो. फक्त एक खोट आहे. काही वाक्यं दोनदा येतात. "हृदयाचा आकार नेमस्त. हृदयाचा आकार नेमस्त." पेडलची मागे जायची सवय जास्त झाली असणार. उद्या बघते.

१८ मार्च, बुधवार

मागे जाणं दोन सेकंदांवरून एकावर आणलं, मग शून्यावर. तरी वाक्यं दोनदा येतातच. काल तर एक अख्खा रिपोर्ट दोनदा आला, पेशंटच्या नावासकट, मधे दुसरा एक रिपोर्ट होऊन गेल्यावर. फाईल बदलताना त्या छोट्या प्रोग्रामने तुकडा दोनदा चिकटवला असेल. मी दुसरा गाळून टाकला.

खिळ्याला विचारलं. "फाईल पाठवा, बघतो," म्हणाला. तशी कशी पाठवू? पेशंटांची नावं असतात. त्याने आणखी दोन-चार ओळी सुचवल्या, त्या घातल्या. फरक शून्य.

२२ मार्च, रविवार

बाळ्याचा फोन. तेच. मी तेच.

आता नवीन दुखणं. आवाज मधेच थांबतो. डॉक्टर म्हणतात, "डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या..." आणि पुढे काही नाही. आधी मला वाटलं माझा पाय सुटला. पाय घट्ट होता, पोटरीत गोळा येईपर्यंत. मागे पंखा चालू असल्याचं ऐकू येतं, खुर्ची वाजते, पण शब्द नाही. मग एकदम, "भागात." कधी कधी तो शब्द येतच नाही, पुढचा रिपोर्ट सुरू होतो. मग मी संदर्भाने भरते. इतकी वर्षं ऐकलंय, डॉक्टर काय म्हणणार हे मला त्यांच्याआधी कळतं.

खिळा म्हणतो, "पंखा ऐकू येतो आणि शब्द तेवढे गळतात, असं करणारा प्रोग्राम मी तरी बघितला नाही." आला मोठा शहाणा. याने जगातले सगळे प्रोग्राम बघितलेत का?

२७ मार्च, शुक्रवार

आज कधी नव्हे ते डॉक्टर माझ्याशी बोलले. म्हणजे फाईलमध्ये, रिपोर्टांच्या आधी. "बाई, कालचे सगळे रिपोर्ट बसून वाचले. एकही चूक नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले मी. अगदी नीट आहे सगळं." मग जरा थांबले. "नीट आहे," पुन्हा म्हणाले. हे पुन्हा म्हणणं यंत्राचं की त्यांचं कोण जाणे. मी ते चार वेळा ऐकलं. माझ्या कामाचं इतकं कौतुक त्यांनी कधीच केलं नव्हतं. दुप्पट मेहनत घेतेय मी हल्ली, शब्द न् शब्द वेचून बसवतेय, ते त्यांना तिथे बसून कळलं, याचं फार बरं वाटलं.

आज कपाट आवरलं. आईच्या साड्या पहिल्यांदा वेगळ्या काढल्या आणि कुठे द्यायच्या ते न सुचून परत ठेवल्या.

३१ मार्च, मंगळवार

गुडघ्याचा एमआरआय. सुरुवातीला उजवा म्हणाले, शेवटी डावा. फाईलीसोबत पेशंटची चिठ्ठी येते, तिच्यावर 'उजवा' होतं, म्हणून तसं केलं. सोपं होतं.

दुसरं अवघड होतं. छातीतल्या गाठीचं माप आधी सहा मिलिमीटर म्हणाले, नंतर सोळा. चिठ्ठीवर माप कसं असेल? आवाज तुटून 'सोळा'चं 'सहा' व्हायला ते काही जवळचे शब्द नाहीत. तरी मी म्हटलं, नंतरचं ते सुधारलेलं असणार. सोळा लिहिलं. जेवताना ते सोळा पुन्हा पुन्हा आठवत होतं. अर्ध्यावरच उठले.

३ एप्रिल, शुक्रवार

खिळ्याशी भांडण. मी लिहिलं, की तुझा हा लिनक्स म्हणजे नुसता फुटका पोहरा आहे, मी चार प्रोग्राम बदलले तरी आवाजातली खोट जात नाही. त्याने उत्तर दिलं:

"बाई, आडात आहे तेच पोहऱ्यात येतं. चार पोहरे बदललेत, आता एकदा आडात डोकावा. त्याच जातीचा रेकॉर्डर मिळवा. त्यात स्वतः दहा मिनिटं बोला आणि ती फाईल याच रस्त्याने आणून ऐका. तुमचं वाक्य दोनदा आलं तर मी गटासमोर तुमची माफी मागेन."

मी लिहिलं, मला स्वतःशी बोलायला वेळ नाही. त्याने फक्त हसरा चेहरा पाठवला. असल्या लोकांना माणसांशी कसं बोलायचं ते ठाऊकच नसतं.

६ एप्रिल, सोमवार

तरी गेले रुग्णालयात. मॅडमना म्हटलं, एक जादाचा रेकॉर्डर चार दिवस द्या, तपासणीला हवाय. त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला. मला बघून म्हणाल्या, "अय्या, ताई, तुम्ही अशा दिसता होय? मला वाटलं उंच असाल."

मग सहज म्हणाल्या, "सरांची खोली या कॉरिडॉरच्या टोकालाच आहे. भेटून या ना. खूश होतील. हल्ली दार लावूनच बसतात, चहालाही येत नाहीत."

मी म्हटलं, घाई आहे. कॉरिडॉरच्या मध्यापर्यंत गेले होते, तिथूनच वळले. आवाज माझ्या ओळखीचा आहे, माणूस नाही. समोर जाऊन काय म्हणणार होते? त्यांनीही मला उंच समजलं असेल तर?

बसमध्ये रेकॉर्डर पर्समध्ये हाताने धरून बसले. असाच त्यांच्या हातात असतो, हे एकदा मनात आलं आणि मग उतरेपर्यंत तेच.

७ एप्रिल, मंगळवार

दहा मिनिटं काय बोलायचं ते सुचेना. आधी पाढे म्हटले. मग घरातल्या वस्तूंची नावं घेत गेले, स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. मग बोलता बोलता आईबद्दल बोलायला लागले आणि दहाची वीस मिनिटं झाली.

मग ती फाईल त्याच रस्त्याने आणली, पेडल दाबलं. माझाच आवाज या घरात, कानात. दचकले. किती दिवसांत मी एवढं सलग बोललेय? आवाज जरा चिरका आहे, पण वाईट नाही.

एकही वाक्य दोनदा आलं नाही. एकही शब्द गळला नाही. जिथे मी हुंदका गिळला तिथे तेवढीच जागा, न कमी न जास्त. पुन्हा ऐकलं. मागे जाणं परत दोन सेकंदांवर आणून ऐकलं. पेडल सोडून पुन्हा दाबलं की शेवटचे एकदोन शब्दच फिरून येतात, अख्खं वाक्य नाही, अख्खा रिपोर्ट तर नाहीच.

पेडल ठीक आहे. प्रोग्राम ठीक आहे. लिनक्स ठीक आहे.

खिळ्याला काहीच कळवलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

आजची फाईल आली. उघडली, ऐकली. आता ऐकू येतंय ते वेगळंच आहे. वाक्य संपवून ते जरा थांबतात, आणि तेच वाक्य पुन्हा सुरू करतात, पहिल्यांदा म्हणाल्यासारखं. शब्द अडतो तिथे श्वास भरभर होतो. एका ठिकाणी टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आहे. हे सगळं इतके दिवस माझ्या कानात होतं. मी पेडलची तार तपासत बसले होते. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. मी तर दुसऱ्याचा पाय अडखळत होता म्हणून स्वतःचं अंगण उकरलं.

आणि तरी सवयीने सगळं नीट करून पाठवलं. दुहेरी गाळलं, गळलेलं भरलं. मग पाठवलेलं पुन्हा उघडून बघितलं. कोणाच्या तरी छातीतली गाठ आहे, कोणाचा तरी पाय आहे, आणि त्यात मी माझ्या अंदाजाने शब्द भरतेय. मी डॉक्टर नाही. मी फोटो बघितलेलेही नाहीत.

मॅडमना फोन करायला हवा. हे मला कळतं. फोन हातात घेतला आणि ठेवला. फोन केला की ही फाईल यायची थांबेल. खुर्ची, गोळीचा कागद, "हं, बाई," सगळं थांबेल. मग या घरात सकाळपासून कोण बोलणार? एवढ्यासाठी मी गप्प बसलेय. लिहून बघितलं, वाचायला फार वाईट दिसतंय, पण खरं आहे.

९ एप्रिल, गुरुवार

आजही केला नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

आज सकाळच्या फाईलमध्ये तिसरा रिपोर्ट. पोटाचा सीटी. "डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला गाठ. उजवी किडनी नेमस्त." मग थांबले. मग, "उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला गाठ. डावी नेमस्त." मग पुन्हा डाव्या. मग पुढचा पेशंट.

चिठ्ठीवर फक्त 'पोट' होतं. खाली लिहिलेलं: शस्त्रक्रिया सोमवारी.

इथे मी काय भरणार होते? दोन वेळा डावं म्हणाले, एकदा उजवं, म्हणून मतमोजणी करणार होते?

रुग्णालयाच्या मुख्य नंबरवर फोन केला आणि सरांच्या खोलीत जोडून द्या म्हटलं. मॅडमना केला नाही. हे आधी त्यांना कळावं, असं वाटलं.

"हं, कोण बोलतंय?"

त्यांचा आवाज, आणि पायाखाली पेडल नाही. थांबवता येईना, मागे नेता येईना.

"मी टाइप करते. तुमचे रिपोर्ट."

"अहो, बाई!" इतक्या आनंदाने म्हणाले. "तुम्ही होय? बोला, बोला. अहो, तुमचा आवाज असा आहे होय?"

मी आधी किडनीचं सांगितलं. एका दमात, रडू यायच्या आत. ते म्हणाले, "थांबा, फोटो लावतो." मला माउसचा टकटक आवाज आला, खुर्ची कुरकुरली. मी वाट बघितली. बराच वेळ. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, गाठ मला दिसतेय. स्पष्ट दिसतेय. इकडे आहे. या बाजूला काय म्हणायचं, तो शब्द येत नाहीये."

मी डावं-उजवं काहीच सुचवलं नाही. पहिल्यांदाच गप्प राहिले.

"शेजारच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टर आहेत, त्यांना बोलावतो," ते म्हणाले. "आत्ताच बोलावतो. पण आधी मला सांगा, हे असं किती दिवस आहे?"

"मी संगणकात बदल केले तेव्हापासून मला ऐकू येतंय. आधीही असेल. मला वाटलं, माझं यंत्र बिघडलंय. दोनदा आलेलं मी गाळत होते. राहिलेलं भरत होते."

"तुम्ही भरत होता?"

"हो."

पलीकडे गोळीचा कागद वाजला. मग ते म्हणाले, "मला दोन-तीन महिन्यांपूर्वी शंका आली होती. म्हटलं, कोणाला विचारण्याआधी स्वतःच तपासू. रोज संध्याकाळी तुमचे रिपोर्ट छापून घ्यायचो आणि वाचायचो. एकही चूक नसायची, बाई. रोज नीट. मला वाटायचं, चला, आजही मी ठीक आहे."

मी रडले. लपवलं नाही. म्हटलं, "माझं चुकलं हो." ते म्हणाले, "नाही, नाही. इतकं छान कोणी लिहून दिलं नव्हतं कधी." मग घसा खाकरला. त्यांनी घसा खाकरला म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

फोन ठेवताना म्हणाले, "आजची फाईल जशी बोललोय तशीच टाइप करा. गाळू नका, भरू नका. मला एकदा वाचायचंय मी काय बोलतो ते."

दुपारी मॅडमचा फोन आला. गाठ कुठल्या बाजूला आहे ते दुसऱ्या डॉक्टरांनी निश्चित करून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना कळवलंय. मागच्या महिन्यांतले सगळे रिपोर्ट पुन्हा तपासणार आहेत. मी त्या सोळा मिलिमीटरचं सांगितलं. तो पेशंट आधी, असं त्या म्हणाल्या. आणि, "ताई, सोमवारपासून सध्या तरी काही पाठवत नाही हं."

"बरं," म्हटलं.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी बसले आणि कालची फाईल जशीच्या तशी केली. जे वाक्य तीनदा आलं ते तीनदा लिहिलं. थांबले तिथे 'थांबले' लिहिलं. बोटं आपटली तिथे तेही लिहिलं. साध्या कामाला दुप्पट वेळ लागला, कारण बोटांना सवय नाही, ती आपोआप वाक्य पुरं करू बघतात. चार वेळा खोडलं. मधे एकदा ते म्हणतात, "बाई, हे आपलं झालं का?" आणि उत्तराची वाट बघतात. तेही लिहिलं. किती ठिकाणी ते मला विचारतात, आणि मी आजवर ते गाळत आले होते!

शेवटच्या रिपोर्टखाली डॉक्टर आपलं नाव आणि पदवी सांगतात. मग मी ते टाइप करते आणि त्याखाली सही होते. काल नाव सांगायच्या वेळी ते म्हणाले, "आणि खाली..." पुढे पंखा, खुर्ची, श्वास. नाव आलं नाही. फाईल संपेपर्यंत मी पेडल दाबून धरलं.

ते नाव मला पाठ आहे. हजारदा टाइप केलंय. बोटं पहिल्या अक्षरावर गेलीही होती.

'आणि खाली' एवढंच लिहिलं. पुढची जागा मोकळी ठेवली आणि फाईल पाठवून दिली.